पहिलं नाव कुणी घ्यायचं

डाव्या हाताचा मोजा नीट बसला होता, उजव्याची करंगळी मात्र आत कुठंतरी वाट चुकून शेजारच्या बोटाच्या घरात शिरली होती, आणि लोकरीच्या एका लाल बोटात अशी दोन बोटं कोंबलेली बघून विनोदिनी पोतनीस आरशासमोर एकटीच हसत सुटली — पन्नाशी उलटलेली बाई, अंगावर भैरवगढच्या छापाची सुती साडी, कपाळावर घाम, हातात लोकरीचे मोजे, आणि बाहेर गल्लीत मटारवाला ओरडतोय... काय पण ध्यान दिसतंय! माधव नगरच्या फुटपाथवर बसणाऱ्या तिबेटी बाईकडून तिनं ते घासाघीस करून घेतले होते. घेतल्यापासून दिवसातून चारदा घालून बघायचं आणि कुणी आलं की झटकन काढून उशीखाली सरकवायचं, असं चाललं होतं.

"विनू, जिनिव्हाला पोचेपर्यंत हात उकडून निघतील तुझे," शरच्चंद्र पेपरातून मान वर न करता म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना बायकोची चेष्टा करण्याइतका निवांत वेळ दुसऱ्या कशालाच मिळत नव्हता.

"उकडू देत. तिकडं बर्फ असतो, ठाऊक आहे?"

"बर्फ आहे तो, वाघ नाही. और सुनो, भाषण घेऊन जा म्हणजे झालं. मोजे विसरलीस तरी चालेल."

भाषण! नुसता शब्द ऐकला तरी ती मोज्यांसकट टाळी वाजवायची. जगभरातल्या देशांची बैठक, विषय म्हाताऱ्या माणसांचा — त्यांना कुणी सांभाळायचं, कसं सांभाळायचं, एका देशानं दुसऱ्याला काय शिकवायचं — आणि त्या बैठकीला जाणाऱ्या भारताच्या शिष्टमंडळात उज्जैनची विनोदिनी पोतनीस. सरकारी माणसं होतीच, पण दिल्लीला एक बाई हवी होती, प्रत्यक्ष काम केलेली. म्हणजे लांबलचक टेबलावर 'भारत' अशी पाटी असेल आणि पाटीमागं मी असेन... मी तोंड उघडलं की कुठल्यातरी काचेच्या खोलीत बसलेली माणसं माझं इंग्रजी, ज्याला मराठीचाही वास आहे आणि माळव्याचाही, भराभरा फ्रेंचमध्ये नि स्पॅनिशमध्ये ओततील आणि कानाला यंत्र लावलेली कुणी काळी, कुणी गोरी बाई मान डोलावेल! रात्र-रात्र झोप नव्हती. वयाला शोभत नाही, असं ती स्वतःला बजावायची, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा पाय जमिनीवरून सुटायचे.

हे सगळं कुठून आलं, तर एका भोंग्यातून. तीन वर्षांपूर्वीच्या सिंहस्थात राम घाटावर हरवल्या-सापडल्यांचा तंबू होता आणि तिथं ती स्वयंसेवक म्हणून बसायची. वैशाखातलं ऊन, माणसांचा महापूर, आणि तंबूत रडून डोळे सुजवलेल्या म्हाताऱ्या. गाव विचारावं तर "नदीकाठचं". नाव विचारावं तर गंगूबाई, म्हणजे घाटावर भोंग्यातून पुकारलं की छप्पन्न गंगूबायांची माणसं धावत येणार! नवऱ्याचं नाव काय हो, आजी? — की पदर तोंडाला. "अगं बाई, त्यांचं नाव कसं घेऊ?" पोलीस दरडावून थकले, माइकवरचा हिंदी बोलणारा पोरगा हात जोडून थकला. मग विनोदिनीलाच सुचलं. खानदेशातनं, वऱ्हाडातनं आलेल्या बायांसमोर ती फतकल मारून बसली आणि म्हणाली, "नाव सांगू नका. उखाणा घ्या. लग्नात घेतला होतात तोच घ्या." आणि काय सांगावं... रडती म्हातारी लाजायची, हसायची, आणि माइकवर खणखणीत उखाणा! अर्धा घाट थबकून ऐकायचा. कुठल्यातरी घोळक्यातला कुणी काका दचकायचा — अरे, ही तर आपली! — आणि गर्दी कापत तंबूकडे पळायचा. एक परदेशी पाहुणी ते बघून गेली, तिनं आपल्या लोकांना सांगितलं, त्यांनी दिल्लीला विचारलं, आणि दिल्लीनं उज्जैनला.

सगळ्यांची माणसं आली. एक माणिकबाई सोडून.

दिल्लीनं लिहून पाठवलेल्या भाषणाचा फॅक्स आणायला ती स्वतःच निघाली. एसटीडी-फॅक्सच्या दुकानात यंत्रातून कागद सरसर बाहेर येत होता आणि मजकुराच्या डोक्यावर तिचं नाव होतं, पुढं देशाचं. क्षणभर तिला खालचं काही दिसलंच नाही. मग दिसलं. तीन मिनिटांचं निवेदन होतं, छान होतं, पॉलिश केलेलं होतं. आपली परंपरा, मोठ्यांचा मान, खुल्या होत असलेल्या बाजारपेठेतही अभंग राहिलेलं कुटुंब... आणि मधोमध एक वाक्य: भारतात वृद्धांना कुणी टाकून देत नाही, आमचं घर हीच आमची संस्था.

कुणी टाकून देत नाही? मग भैरवगढच्या रस्त्यावर आमचा वृद्धाश्रम, ते स्नेहसदन, कशाला बांधलंय, कबुतरांसाठी? तिची कानशिलं तापली. कालच दिल्लीचे ते साहेब फोनवर अत्यंत गोड आवाजात म्हणाले होते, "मैडम, प्रतिनिधी देश का मसौदा पढ़ता है, अपना नहीं. दिक्कत हो तो बता दीजिए, दूसरा नाम तैयार है. कल शाम को फोन करूँगा, कन्फर्म कर दीजिएगा." म्हणजे आज संध्याकाळी. हो म्हटलं की जिनिव्हा, नाही म्हटलं की मोजे उशीखालीच राहणार. तिला जायचं होतं. किती जायचं होतं! लहान मुलीला जत्रेला जायचं असतं तसं. पण हे वाक्य माझ्या तोंडानं... छे. तेवढ्यात तिला वाटलं, आपण भांडायचंच कशाला? वाक्य राहू दे, त्याच्यापुढं एकच जोडायचं — माणिकबाईची गोष्ट. तीन वर्षं स्नेहसदनात वाट बघत बसलेली बाई. सगळं सभागृह गप्प होईल. दिल्लीचे साहेबसुद्धा गप्प होतील! रिक्षात बसता बसता तिला ते गप्प सभागृह दिसायला लागलं. राग कुठल्या कुठं गेला. माणूस इतकं हावरट असतं, टाळ्यांच्या आवाजावर राग विकून टाकतं, असं तिच्या मनात येऊन गेलं, पण रिक्षा जोरात होती आणि सकाळ फार सुंदर होती.

स्नेहसदनात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. रथसप्तमी दोन दिवसांवर आलेली, म्हणून जयूनं घाईघाईनं घाट घातला होता. जयू म्हणजे स्नेहसदनाची व्यवस्थापक, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. इथं सवाष्ण कोण, विधवा कोण असलं काही विचारायचं नाही, सगळ्यांना हळद, सगळ्यांना कुंकू, हा तिचा कायदा. अंगणात भैरवगढच्या छापाच्या ओढण्या वाळत होत्या. त्यांच्या घड्या घालायचं काम आज्यांकडे असे. त्यातल्या काही विनोदिनी परदेशी पाहुण्यांना द्यायला नेणार होती. तिळगुळाच्या वासानं आणि बायांच्या कलकलाटानं तिला आणखीच उधाण आलं, आणि माणिकबाईची गोष्ट भाषणात घालायचा बेत तिनं जयूला आल्या आल्या सांगून टाकला.

"मोजे दाखव, मोजे दाखव," जयू म्हणाली. मोजे हातोहात फिरले. कुणी गालाला लावून बघितले.

"आल्हादनं पाठवलेत," विनोदिनी म्हणाली. "बंगलोरहून. म्हणाला, आई, थंडी बाधेल तुला."

आल्हाद तिचा एकुलता एक मुलगा, तिथल्या नव्या कॉम्प्युटर कंपनीत. हे वाक्य तिच्या तोंडून इतक्या सहज गेलं की ते गेलं हे तिलाही कळलं नाही. बाया म्हणाल्या, "पुण्यवान गं बाई!" तिनं मान झुकवून ते घेतलंसुद्धा.

मग उखाण्यांचा आग्रह. पहिली कोण? सगळ्यांच्या माना खाली. ही तिला ढोसते, ती हिला. "तू घे." "मी नाही बाई, तू मोठी." दर वर्षीचंच नाटक. शेवटी जयूनं विनोदिनीला पुढं ढकललं, "प्रतिनिधी आहेस ना देशाची? कर सुरुवात!" तिनं शरच्चंद्रांचं नाव घेतलं, यमक पार फसलं, हशा पिकला — आणि मग काय, धरणाचं दार उघडावं तशा बाया सुटल्या. ज्यांना सकाळचं जेवण आठवत नाही त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा उखाणा घडाघडा. माणिकबाईही उठली. ती एरवी कोपऱ्यात असायची. आज तिच्या केसांत कुणीतरी झेंडूचा गेंद खोवला होता. तिनं हात नाचवून म्हटलं:

"केळीच्या पानावर वाढला भात,
सुपडूरावांचं नाव घेते, सोडा माझा हात!"

टाळ्या पडल्या. जयूनं तर शिट्टी मारली. विनोदिनीनंही टाळीसाठी हात उचलले आणि ते तसेच राहिले. कारण हाच भात, हेच केळीचं पान, हाच हात तिनं राम घाटावर भोंग्यातून दिवसभर ऐकला होता, तिला तो झोपेतही म्हणता आला असता... पण तिथं सुपडूराव नव्हते. तिथं माधवराव होते. माधवराव! त्या एका नावासाठी आपण खानदेशातले पोलीस पाटील पालथे घातले, सरपंचांना पत्रं लिहिली, जळगावच्या स्टँडवर पाट्या लावल्या. शरच्चंद्र एकदा म्हणाले होते, "कशावरून खरं सांगतेय ती?" तेव्हा आपण केवढ्या उसळलो होतो. पुरुषाला काय कळणार? बाई एक वेळ देवासमोर खोटं बोलेल, पण उखाण्यात कुणी परक्याचं नाव नवरा म्हणून घेतं का! स्नेहसदनाच्या समितीतल्या साऱ्या मराठी बायांनी माना डोलावल्या होत्या. कुणाच्या स्वप्नातसुद्धा दुसरं काही आलं नव्हतं.

माणिकबाईच्याही लक्षात आलं असावं, कारण ती हसता हसता थांबली, आणि अंगणात ओढण्यांच्या पलीकडं जाऊन बसली. विनोदिनी मागोमाग गेली.

"माणिकबाई, माधवराव कोण?"

म्हातारीनं तोंडातला तीळ चघळून संपवला. मग खुदकन हसली. "तुमचा भोंगाच बोंबलत व्हता ना, माय. माधवनगरवाले इकडं जा, माधवनगरवाले तिकडं जा. मी म्हटलं, चला, माधवराव."

"नवऱ्याचं खोटं नाव घेतलंत? उखाण्यात?"

"तो गेला वर. त्याला काय फरक पडतो? पोरगा जिता आहे ना माझा." तिनं ओढणीची कडा सरळ केली. "सुपडूचं नाव घेतलं असतं तर साऱ्या गावाला कळलं असतं. गावचे लोक व्हते की घाटावर. म्हटले असते, सुपडूच्या पोरानं मायला टाकलं."

"म्हणजे हात सुटला नव्हता..."

"सरबत आणतो म्हणाला. मला सावलीत बसवलं, पाणी पाजलं. पाया पडला. जत्रेत सरबत आणायला जाताना कुणी पाया पडतं का, माय? मला तेव्हाच कळलं." तिचा आवाज साधा होता, जणू भाजीचा भाव सांगत होती. "वाईट नाही तो. घर लहान, बायको कटकटी. आणि ऐक, जयू म्हणत होती, तू परदेशात माझी गोष्ट सांगणार. नको सांगू. तिकडं मोठा भोंगा असंल."

विनोदिनीला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं तिला ठसकाच लागला. माणिकबाईनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. आई मारते तशा.

परत येताना तिनं रिक्षा केली नाही, टेम्पोत कोंबून बसली. धक्के खात विचार चालले होते, आणि विचार कसले, नुसता गोंधळ! सकाळी सगळं सोपं होतं — दिल्ली खोटं बोलते, मी खरं बोलणार. आता दिल्ली आणि माणिकबाई एकाच बाजूला बसल्या होत्या, पदर सावरून. कुणी टाकून देत नाही. हे वाक्य कुणा साहेबानं लिहिलंय खरं, पण ते बोलतेय एक आई... आमच्या पोरांना नावं ठेवू नका. घर लहान आहे, बाकी काही नाही. आणि जिनिव्हात काय वेगळं असणार आहे? स्वीडनची बाई म्हणेल, आमच्याकडं पेन्शन आहे, म्हातारे मजेत आहेत. जपानची म्हणेल, आमच्याकडं आदर आहे. प्रत्येकीच्या पुढं देशाची पाटी, प्रत्येकीच्या पदराआड एक पोरगा, आणि सगळ्या एकमेकींकडं बघून गोड हसतायत. दुपारी जेवण. ठराव मंजूर. याला म्हणायचं सहकार्य! पैसा त्यांनी द्यायचा, आदर आपण द्यायचा, आणि लाज ज्यानं त्यानं आपापल्या घरी न्यायची?

आणि टेम्पो चामुंडेच्या चौकात गचकन थांबला तेव्हा तिला ते दिसलं. इतकं लख्ख दिसलं की तिनं शेजारच्या अनोळखी बाईचा हातच धरला. अगं, ते सभागृह म्हणजे हळदीकुंकूच की! पहिली कोण, एवढाच तर प्रश्न असतो. सगळ्यांना नाव घ्यायचं असतं, अगदी जिवापासून घ्यायचं असतं, पण माना खाली. तू घे, तू मोठी. एकदा एकीनं घेतलं, यमक फसलं, लोक हसले की मग थांबवून थांबत नाहीत. स्वीडनची घेईल, जपानची घेईल! पेन्शन असूनही रविवारी दाराकडं बघत बसणाऱ्या बाया त्यांच्याकडं नसतील थोड्याच? मग बोला कोण कुणाला काय देणार ते... खरं सहकार्य मग सुरू होईल, त्याआधी नाही. "क्या हुआ, बहनजी?" ती बाई घाबरून म्हणाली. "कुछ नहीं, कुछ नहीं," विनोदिनी म्हणाली, "बहुत अच्छा हुआ."

पण घ्यायचं कुणाचं नाव? माणिकबाईचं तर नाही. तिनं 'नको सांगू' म्हणून बेडी घालून ठेवली होती. दुसऱ्याच्या पोराला भोंग्यावर पुकारण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

घरी शरच्चंद्र फोनजवळ खुर्ची ओढून बसले होते. दिल्लीचा फोन अजून आला नव्हता.

"आल्हादचा आला होता," ते म्हणाले. "मुंबईला विमानतळावर यायला जमणार नाही म्हणतो. आणि होळीलाही बहुतेक नाही."

"अहो, कामं असतात त्याला. नवी कंपनी आहे, रजा कुठं मिळते," ती लगेच म्हणाली. तिनं नेहमीच्याच झपाट्यानं म्हटलं, चप्पल काढता काढता, आणि एक पाय चपलेत, एक बाहेर अशी उभी राहिली.

हे मी किती वेळा म्हटलंय? दिवाळीला म्हटलं. त्याआधीच्या दिवाळीला म्हटलं. शेजारी म्हटलं, बहिणीला म्हटलं, सकाळी तर मोजेच... बाई गं! माझ्याच गाठीच्या पैशानं घेतलेले मोजे मी त्याच्या नावावर केले, आणि इतक्या सफाईनं की माणिकबाईनं तोंडात बोट घालावं. मला कुणी टाकलेलं नाही. मला घर आहे, नवरा आहे, फॅक्स येतो, विमानाचं तिकीट आहे. पण मला कुणीतरी सावलीत बसवून सरबत आणायला गेलंय, आणि मी रस्त्यानं जाणाऱ्यांना सांगतेय, येईल हं, दुकानात गर्दी असेल. तो वाईट नाही. खरंच वाईट नाही हो माझा आल्हाद.

"विनू, काय झालं?"

"तुम्हाला कळलं होतं?" ती म्हणाली. "मी त्याच्यासाठी खोटं बोलते ते?"

शरच्चंद्रांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चेष्टा करायची ही जागा होती, पण त्यांनी केली नाही. "मी पण बोलतो," ते म्हणाले. "बँकेतल्या लोकांना सांगतो, दर रविवारी फोन येतो म्हणून."

तिनं दुसऱ्या पायातली चप्पल काढली. इतक्या वर्षांच्या संसारात इतकं जवळचं काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला विलक्षण हलकं वाटलं. हे असं असतं तर — पहिल्यानं घेतलं की दुसरा घेतो! तिला घरभर धावत सुटावंसं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला, लांबच्या गावचा वाजतो तसा, न थांबता. तिनं उचलला. दिल्लीचे साहेब खुशीत होते. मजकूर भाषांतराला द्यायचा आहे, एकदा फोनवर वाचून घेऊ, म्हणाले, आणि वाचूही लागले. परंपरा आली, मोठ्यांचा मान आला. विनोदिनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून ऐकत होती. तिला वाटलं होतं, ते वाक्य आलं की राग येईल. ते आलं — भारतात वृद्धांना कुणी टाकून देत नाही — आणि तिला राग नाही आला. त्या वाक्याच्या डोक्यावर पदर आहे असं वाटलं, आणि तो पदर खसकन ओढू नये, हळूच विचारावं, लग्नात घेतला होता तोच घ्या, असं.

"ठीक है ना, मैडम?" साहेब थांबले. "भेज दूँ?"

तिनं रिसीव्हर आणखी घट्ट धरला. पस्तीस वर्षांपूर्वी मांडवात, सगळी वऱ्हाडी मंडळी कान टवकारून बसली असताना, पदर धरला होता तसाच, भीतीनं आणि आनंदानं, आणि त्यातलं कुठलं किती हे तेव्हाही कळलं नव्हतं. हो म्हटलं तर काय आणि नाही म्हटलं तर काय, हे तिला या घटकेला खरंच ठाऊक नव्हतं. दुसरं नाव तिकडं तयार होतं. इकडं शरच्चंद्र खुर्चीच्या कडेवर आले होते. "मैडम? हॅलो?" तारेत खरखर वाढली. पहिलं घ्यायचं नाव, स्वतःच्याच पोराचं, आल्हादचं, तिच्या ओठांपर्यंत आलं होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.